नॉर्दर्न डान्सर: गिऱ्हाईक न मिळालेल्या शिंगराचा वंश

कॅनडातील उद्योगपती ई. पी. टेलर यांच्या विंडफील्ड्स स्टड फार्मवर दरवर्षी विक्रीची एक ठरलेली पद्धत होती. वर्षभराच्या सर्व शिंगरांवर आधीच किंमत लिहिलेली असे, खरेदीदारांनी हवे ते शिंगरू त्या किमतीला उचलायचे, आणि जी शिंगरे उरतील ती टेलर स्वतःच्या रंगांत शर्यतीत उतरवत. १९६२ साली या विक्रीत एक बुटके, जाडजूड, तपकिरी शिंगरू २५ हजार डॉलरला ठेवले होते. त्याचे आईवडील चांगल्या घराण्यांतले होते. पण अंगापिंडाने ते इतके लहान दिसत होते की कोणीही त्याला हात लावला नाही. मागे उरलेल्या त्या शिंगराचे नाव नॉर्दर्न डान्सर. आज युरोप, अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया किंवा भारत, कुठल्याही रेसकोर्सवर धावणाऱ्या घोड्याची वंशावळ उघडली, तर तिच्यात कुठे ना कुठे हे नाव बहुतेक वेळा सापडतेच. असे कसे झाले हे नीट कळण्यासाठी त्याची शर्यतीतली कारकीर्द आणि पैदाशीतली कारकीर्द या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या समजून घ्याव्या लागतात, कारण पहिली जेमतेम अकरा महिन्यांची होती आणि दुसरी बावीस वर्षांहून अधिक काळ चालली.

सुरुवातीला थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या या घोड्यांची जात, काय आहे ते पाहू. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकापर्यंत इंग्लंडमध्ये स्थानिक घोड्या आणि पूर्वेकडून आणलेले घोडे यांच्या संकरातून ही जात तयार झाली. तिची नोंदवही बंद असते, म्हणजे ज्याचे आईबाप दोघेही नोंदलेले थरोब्रेड आहेत त्याच शिंगराची नोंद होते. बाहेरचे रक्त आत येऊ शकत नाही. त्यामुळे प्रत्येक घोड्याची वंशावळ दोन-अडीच शतके मागे नेता येते, आणि एखाद्या नराला फार मागणी आली तर त्याचे रक्त साऱ्या जातीत किती झपाट्याने पसरते हेही मोजता येते. या जातीत कृत्रिम रेतनाला परवानगी नाही. घोडी प्रत्यक्ष घोड्याकडे न्यावी लागते, आणि म्हणूनच एक घोडा एका हंगामात किती घोड्या फळवू शकतो यावर पूर्वी नैसर्गिक मर्यादा होती. पुढच्या सगळ्या अर्थकारणाचे मूळ या एका नियमात आहे.

नॉर्दर्न डान्सर लहान का दिसत होता, याचे एक साधे कारण कॅलेंडरात आहे. उत्तर गोलार्धातील प्रत्येक थरोब्रेडचे वय १ जानेवारीला एका वर्षाने वाढते, मग त्याचा जन्म वर्षात कधीही झालेला असो. घोडी सुमारे अकरा महिने गाभण असते. शिंगरू जानेवारी-फेब्रुवारीत जन्मावे अशी प्रत्येक ब्रीडरची धडपड असते, आणि त्यासाठी थंडीच्या दिवसांत माद्यांच्या तबेल्यात दिवसाचे सोळा तास उजेड राहील असे दिवे लावतात. उजेड वाढला की घोडी लवकर माजावर येते. नॉर्दर्न डान्सरची आई नतालमा हिच्या बाबतीत असे नियोजन नव्हतेच. १९६० च्या वसंतात ती अजून शर्यतीच्या तयारीत होती, आणि गुडघ्याच्या दुखापतीने तिची कारकीर्द संपली तेव्हा पैदाशीचा हंगामही सरत आला होता. तरीही टेलर यांनी जूनच्या अखेरीस तिला निअार्क्टिक या घोड्याकडे पाठवले. पुढच्या वर्षी २७ मे रोजी ओशावा येथे शिंगरू जन्मले. दोन वर्षांच्या घोड्यांच्या शर्यतीत ते उतरले तेव्हा त्याच्या शेजारी उभी असलेली काही शिंगरे त्याच्याहून चार-पाच महिन्यांनी मोठी होती. त्या वयात हा फरक फार मोठा असतो.

वंश मात्र भारी होता. वडील निअार्क्टिक हा निअार्को या घोड्याचा मुलगा. इटलीचे फेदेरिको तेसिओ यांनी पैदा केलेला निअार्को चौदा शर्यती धावला आणि एकही हरला नाही. आई नतालमा ही अमेरिकेच्या नेटिव्ह डान्सर या नामवंत घोड्याची मुलगी, आणि नतालमाची आई अलमहमूद. हे शेवटचे नाव लक्षात ठेवावे, ते पुढे पुन्हा येणार आहे. युरोपातील एक आणि अमेरिकेतील एक, असे दोन उत्तम वंश कॅनडात एकत्र आले होते.

घोड्याला प्रशिक्षण देण्याचे काम अर्जेंटिनाहून आलेले ट्रेनर होराशिओ लुरो यांच्याकडे गेले. घोडा स्वभावाने अत्यंत हट्टी होता. त्याची खच्ची करावी असे लुरो यांनी सुचवले होते, आणि तो सल्ला अजिबात विचित्र नव्हता. अवखळ घोडे शांत व्हावेत, पळण्यावर लक्ष द्यावे म्हणून खच्चीकरण सर्रास केले जाते. टेलर यांनी नकार दिला. थरोब्रेडच्या इतिहासात याहून मोठा परिणाम घडवणारा नकार मला तरी आठवत नाही.

२ ऑगस्ट १९६३ रोजी फोर्ट एरी येथे तो पहिल्यांदा धावला आणि जिंकला. पाठीवर रॉन टरकॉट हा शिकाऊ जॉकी होता, जो पुढे सेक्रेटरिएट या नामवंत घोड्याचा जॉकी म्हणून जगप्रसिद्ध झाला. त्या वर्षी नऊ शर्यतींपैकी सात त्याने जिंकल्या. पण हंगामाच्या शेवटी त्याच्या खुराला उभी चीर पडली. घोड्याचे खूर म्हणजे आपल्या नखासारखा वाढणारा कठीण भाग, आणि त्याला कडेने चीर गेली की प्रत्येक टापेला ती उघडते-मिटते, आत दुखते, कधी रक्तही येते. चीर खालपर्यंत वाढून निघून जायला कित्येक महिने लागतात, आणि तेवढ्यात तीन वर्षांच्या घोड्यांच्या सर्व मोठ्या शर्यती होऊन जातात. त्या काळी कॅलिफोर्नियातील बिल बेन नावाच्या नालबंदाने चिरेवर रबराचा तुकडा उष्णतेने जोडण्याची नवी पद्धत काढली होती. त्याला बोलावून तो उपचार करण्यात आला, आणि घोडा हिवाळ्यातच पुन्हा सरावाला लागला.

१९६४ च्या वसंतात त्याने फ्लोरिडातील दोन मोठ्या शर्यती जिंकल्या. दोन्ही वेळी बिल शूमेकर हा अमेरिकेचा आघाडीचा जॉकी त्याच्यावर होता, पण केंटकी डर्बीसाठी शूमेकरने त्याला सोडून हिल रायज हा उंचापुरा, देखणा घोडा निवडला. नॉर्दर्न डान्सरवर मग बिल हार्टॅक बसला. २ मे रोजी सुमारे दोन किलोमीटरच्या त्या शर्यतीत शेवटच्या वळणानंतर नॉर्दर्न डान्सर पुढे निघाला, हिल रायज लांब लांब टापा टाकत त्याच्या अंगाशी आला, आणि शेवटपर्यंत ते अंतर मिटले नाही. नॉर्दर्न डान्सर एका मानेच्या फरकाने जिंकला. वेळ होती नेमकी दोन मिनिटे. हा त्या शर्यतीचा विक्रम होता आणि तो १९७३ मध्ये सेक्रेटरिएटने मोडेपर्यंत टिकला. कॅनडात जन्मलेल्या घोड्याने केंटकी डर्बी जिंकण्याची ती पहिलीच वेळ. दोन आठवड्यांनी प्रीकनेस स्टेक्सही त्याने सव्वादोन लांबींनी (एक लांबी म्हणजे एका घोड्याच्या अंगाएवढे अंतर) जिंकली. तिसरी बेलमाँट स्टेक्स सुमारे २४०० मीटरची. तिथे क्वाड्रँगलने त्याला हरवले आणि तो तिसरा आला, त्यामुळे अमेरिकेचा तिहेरी मुकुट, म्हणजे या तिन्ही शर्यती जिंकण्याचा मान, हुकला. पण २० जूनला टोरांटोतील वुडबाइनवर, घरच्या लोकांसमोर, क्वीन्स प्लेट त्याने सव्वासात लांबींनी मारली.

त्यानंतर त्याच्या पुढच्या पायाच्या शिरेला, म्हणजे ज्याला आपल्याकडेही टेंडन म्हणतात त्या स्नायुबंधाला, इजा झाली आणि तो पुन्हा धावला नाही. अठरा शर्यती, चौदा विजय, दोनदा दुसरा, दोनदा तिसरा, बक्षिसांची रक्कम ५,८०,६४७ डॉलर. उंची सुमारे साडेपंधरा हात (घोडे मोजण्याचे चार इंची माप), म्हणजे जवळजवळ एकशे सत्तावन्न सेंटिमीटर. नुसते एवढेच राहिले असते, तर कॅनडाने त्याला लक्षात ठेवले असते आणि बाकीच्या जगाने एक चांगला डर्बी विजेता म्हणून नोंद करून सोडून दिले असते.

आता पैदाशीकडे वळू. शर्यतीतून निवृत्त झालेला नर घोडा स्टड फार्मवर जातो आणि घोडीचे मालक त्याच्याकडे घोडी आणण्यासाठी फी भरतात. फार्मवर एक कमी किमतीचा घोडा फक्त घोडी माजावर आहे की नाही हे पाहण्यासाठी असतो. घोडी त्याला लाथ मारते की शांत उभी राहते यावरून दिवस ठरतो आणि मगच तिला खऱ्या घोड्याकडे नेतात, कारण एका घोडीची लाथ लाखो डॉलरचे नुकसान करू शकते. फी देण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. एकीत शिंगरू जन्मले, उभे राहिले आणि आईचे दूध प्यायले तरच पैसे द्यायचे. दुसरीत कोणतीही हमी नसते. घोडी गाभण राहो न राहो, पैसे गेले ते गेले. फी किती, यावरून बाजाराचा त्या घोड्यावरचा विश्वास कळतो, आणि हमी न मागता लोक पैसे देतात तेव्हा तो विश्वास टोकाला पोहोचलेला असतो.

१९६५ मध्ये नॉर्दर्न डान्सरची फी दहा हजार डॉलर होती. नव्या घोड्याची खरी परीक्षा तीन-चार वर्षांनी होते, कारण घोडी गाभण राहणे, शिंगरू जन्मणे आणि ते दोन वर्षांचे होऊन धावणे एवढा काळ मधे जातो. पहिल्याच तुकडीतून व्हाइसरीगल हा कॅनडाचा सर्वोत्तम घोडा निघाला. पण जगाचे लक्ष वेधले ते दुसऱ्या तुकडीतील निजिन्स्कीने. अमेरिकी धनिक चार्ल्स एंगलहार्ड यांनी आयरिश ट्रेनर व्हिन्सेंट ओब्रायन यांना विंडफील्ड्सवरचे एक वेगळेच शिंगरू पाहायला कॅनडात पाठवले होते. ते शिंगरू ओब्रायन यांना पसंत पडले नाही, मात्र तिथेच दिसलेल्या दुसऱ्या एका शिंगराने त्यांचे मन जिंकले, आणि ते ८४ हजार डॉलरला घेतले गेले. बाप बुटका असला तरी निजिन्स्की उंच आणि भरदार होता. १९७० मध्ये जॉकी लेस्टर पिगट पाठीवर असताना त्याने टू थाउजंड गिनीज, एप्सम डर्बी आणि सेंट लेजर या तिन्ही शर्यती जिंकून इंग्लंडचा तिहेरी मुकुट पटकावला. १९३५ नंतर प्रथमच असे घडले होते, आणि त्यानंतर आजतागायत कोणत्याही घोड्याला ते जमलेले नाही.

त्याच सुमारास नॉर्दर्न डान्सर अमेरिकेतील मेरीलँड राज्यातल्या विंडफील्ड्सच्या शाखेत हलवण्यात आला होता. १९७० मध्ये त्याची मालकी ३२ भागांत विभागून प्रत्येक भाग ७५ हजार डॉलरला विकण्यात आला, म्हणजे घोड्याची किंमत २४ लाख डॉलर ठरली. अशा भागीदारीला सिंडिकेट म्हणतात. भागधारकाला दरवर्षी एक घोडी त्या घोड्याकडे आणण्याचा हक्क मिळतो; तो स्वतः वापरावा किंवा विकावा. ही व्यवस्था आजही चालते, आणि ती समजली की घोड्यांच्या बाजारातील थक्क करणारे आकडे कमी गूढ वाटतात. घोडा विकत घेणारा माणूस शर्यतीच्या बक्षिसासाठी नव्हे, तर उद्या या घोड्याचे असेच बत्तीस-चाळीस भाग करता येतील या आशेने पैसे मोजत असतो.

ओब्रायन, त्यांचे जावई जॉन मॅग्निअर आणि इंग्लंडचे रॉबर्ट सँगस्टर यांनी हे सगळ्यांत आधी ओळखले. शर्यतीच्या वयाचे सिद्ध झालेले घोडे विकत घेण्याऐवजी नॉर्दर्न डान्सरची शिंगरे केंटकीतील कीनलँडच्या लिलावातून उचलायची, आयर्लंडमध्ये तयार करायची, एखादी मोठी शर्यत जिंकवायची आणि मग घोडा पैदाशीसाठी विकायचा, असा त्यांचा बेत होता. द मिन्स्ट्रल हे शिंगरू १९७५ मध्ये दोन लाख डॉलरला घेतले. १९७७ मध्ये त्याने एप्सम डर्बी जिंकली आणि पैदाशीसाठी त्याची किंमत ९० लाख डॉलर धरली गेली. दुबईचे शेख मोहम्मद याच बाजारात उतरल्यावर भाव आकाशाला भिडले. १९८३ मध्ये नॉर्दर्न डान्सरचा स्नाफी डान्सर हा मुलगा १ कोटी २ लाख डॉलरला शेख मोहम्मद यांनी घेतला. लिलावात एक कोटी डॉलरचा टप्पा ओलांडणारे ते पहिले शिंगरू. स्नाफी डान्सर एकही शर्यत धावला नाही, आणि पैदाशीतही जवळजवळ वांझ निघाला. पुढच्याच वर्षी एप्सम डर्बीच्या शेवटच्या टप्प्यात नॉर्दर्न डान्सरचेच दोन मुलगे एकमेकांशी झुंजत होते: सिक्रेतो आणि एल ग्रान सेन्योर. पहिल्याचा ट्रेनर डेव्हिड ओब्रायन, दुसऱ्याचे ट्रेनर त्याचे वडील व्हिन्सेंट. सिक्रेतो अगदी निसटत्या फरकाने जिंकला. एल ग्रान सेन्योर हे नाव नॉर्दर्न डान्सरचे ट्रेनर होराशिओ लुरो यांच्या टोपणनावावरून ठेवलेले होते.

१९८१ मध्ये, घोडा वीस वर्षांचा असताना, युरोपातून त्याच्यासाठी चार कोटी डॉलरचा देकार आला, आणि भागधारकांनी तो फेटाळला. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर त्याच्याकडे एक घोडी नेण्याचा हक्क कोणत्याही हमीविना दहा लाख डॉलरपर्यंत विकला जात होता. १९८७ मध्ये त्याला पैदाशीतून निवृत्त करण्यात आले. १६ नोव्हेंबर १९९० रोजी मेरीलँडमध्ये त्याचा मृत्यू झाला, आणि देह कॅनडाला नेऊन ओशावा येथे पुरण्यात आला. त्याची एकूण शिंगरे साडेसहाशेच्या आत-बाहेर, आणि त्यांपैकी जवळजवळ दीडशे जणांनी स्टेक्स, म्हणजे वरच्या दर्जाच्या, शर्यती जिंकल्या. एखाद्या घोड्याची दहा टक्के शिंगरे या दर्जाला पोहोचली तरी तो उत्तम मानला जातो. इथे हे प्रमाण वीस टक्क्यांच्या वर होते.

तरीसुद्धा, माझ्या मते, हे प्रमाण त्याच्या मोठेपणाचे मुख्य गमक नव्हे. चांगली शिंगरे देणारे घोडे प्रत्येक पिढीत असतात. ज्यांचे मुलगे आणि नातूही चांगली शिंगरे देतात असे मात्र फार थोडे. डँझिग हा त्याचा मुलगा गुडघ्याच्या दुखण्यामुळे फक्त तीन शर्यती धावू शकला, पण पैदाशीत अमेरिकेचा अव्वल घोडा ठरला. सॅडलर्स वेल्स ब्रिटन-आयर्लंडमध्ये चौदा वेळा वर्षाचा सर्वोत्तम जनक ठरला, त्याचा मुलगा गॅलिलिओ बारा वेळा. नॉर्दर्न टेस्ट जपानला गेला आणि त्या देशाच्या पैदाशीचा पाया त्याने बदलून टाकला. लिफार्ड आणि नुरेयेव्ह यांनी फ्रान्सपासून अमेरिकेपर्यंत शाखा पसरवल्या, तर स्टॉर्म बर्डचा मुलगा स्टॉर्म कॅट याची फी पुढे पाच लाख डॉलरवर गेली. यांतले काही कमी अंतराचे घोडे देत, काही लांब पल्ल्याचे. एका बापाचे गुण असे निरनिराळ्या माद्यांशी जुळवून घेत होते, हीच त्याची खरी ताकद होती.

यामागे जनुकशास्त्रही थोडेफार हाती लागले आहे. स्नायूंची वाढ रोखणारे मायोस्टॅटिन नावाचे प्रथिन असते. त्याच्या जनुकाचा एक प्रकार असलेले घोडे कमी अंतरावर वेगवान असतात, दुसऱ्या प्रकाराचे घोडे दमदार, लांब पल्ल्याचे. एकेक प्रत दोन्हींची असेल तर मधल्या अंतराचे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले की वेगाचा हा प्रकार आधुनिक थरोब्रेडमध्ये इतका पसरण्यामागे निअार्क्टिक आणि नॉर्दर्न डान्सर यांचा वंश आहे. अर्थात एका जनुकाने चॅम्पियन घडत नाही. काळीज, फुप्फुसे, हाडांची ठेवण आणि जिद्द यांचा हिशेब एवढ्या सोप्या रीतीने मांडता येत नाही.

इथपर्यंतची गोष्ट यशाची. पण बंद नोंदवहीत एकाच घोड्याचे रक्त इतके पसरले की एक अडचण उभी राहते, आणि ती स्पष्ट सांगितली पाहिजे. फ्रँकेल हा २००८ मध्ये जन्मलेला घोडा चौदापैकी चौदा शर्यती जिंकला. त्याचा बाप गॅलिलिओ, आजा सॅडलर्स वेल्स, पणजा नॉर्दर्न डान्सर. आईकडून पाहिले तर आई काइंड, तिचा बाप डेनहिल, त्याचा बाप डँझिग, त्याचा बाप पुन्हा नॉर्दर्न डान्सर. वंशावळ लिहिणारे याला तीन गुणिले चार म्हणतात: बापाकडून तिसऱ्या पिढीत, आईकडून चौथ्या पिढीत तोच पूर्वज. सरासरीने हिशेब केला तर एक अष्टमांश आणि एक षोडशांश मिळून फ्रँकेलच्या वारशात १८.७५ टक्के वाटा एका पूर्वजाचा होतो. असे अंतःप्रजनन मर्यादेत केले तर चांगले गुण पक्के होतात, आणि अमर्याद केले तर दडलेले दोषही पक्के होतात. २०२० च्या एका मोठ्या जनुकीय अभ्यासात तपासलेल्या ९७ टक्के घोड्यांच्या वंशावळीत नॉर्दर्न डान्सर होता, आणि गेल्या पाच दशकांत थरोब्रेडमधील अंतःप्रजनन वाढत गेल्याचेही त्यात दिसले.

यात आजचे स्टड फार्म भर घालतात. नॉर्दर्न डान्सरच्या काळी एक घोडा हंगामात साधारण चाळीस घोड्या फळवत असे. आता पशुवैद्यक घोडी फळवण्याचा नेमका क्षण सांगू शकतात, त्यामुळे लोकप्रिय घोड्यांपुढे दीडशे-दोनशे घोड्याही येतात. अमेरिकेच्या जॉकी क्लबने २०२० मध्ये नवीन नर घोड्यांसाठी वर्षाला १४० माद्यांची मर्यादा ठरवली होती, पण मोठ्या स्टड फार्मांनी न्यायालयात धाव घेतल्यानंतर २०२२ मध्ये ती मागे घेतली गेली. मला ती माघार खेदाची वाटते, कारण कोणत्याही एका फार्मला आपण होऊन थांबणे परवडत नाही. तिथे नियमच हवा.

भारतही या वंशाबाहेर नाही. नॉर्दर्न डान्सरचा १९८७ साली जन्मलेला मुलगा रझीन १९९० च्या एप्सम डर्बीत लोकांच्या पसंतीचा पहिला घोडा होता; शर्यत त्याला जमली नाही, पण पुढे तो भारतात उषा स्टडवर आला आणि देशाच्या अव्वल जनकांत गणला गेला. एल्यूसिव्ह पिंपर्नेल हा भारतीय शर्यतींतील अत्यंत गाजलेला घोडा त्याचाच मुलगा. पुण्यात ज्या कार्यालयात भारतीय थरोब्रेडची नोंदवही सांभाळली जाते, तिथल्या पानांवर आणि महालक्ष्मीच्या रेसकार्डावर पुढच्या पिढ्यांतून हा वंश उतरलेला आहे.

युरोपातील ब्रीडर आता आपल्या सॅडलर्स वेल्स आणि गॅलिलिओच्या वंशातील माद्यांसाठी दूरचे रक्त शोधतात, आणि त्यासाठी त्यांनी जपानकडे पाहिले. जपानचा डीप इम्पॅक्ट आणि गॅलिलिओची मुलगी ऱ्होडोडेंड्रॉन यांचा मुलगा ओगुस्त रोदँ याने २०२३ ची एप्सम डर्बी जिंकली, तेव्हा हा प्रयोग फळाला आल्याचे सर्वांनी मान्य केले. डीप इम्पॅक्टचा बाप संडे सायलेन्स, त्याचा बाप हेलो, आणि हेलोची आजी अलमहमूद, म्हणजे नॉर्दर्न डान्सरचीही आजी. डीप इम्पॅक्टच्या आईकडून मागे गेले तर तिचा बाप अल्झाओ, त्याचा बाप लिफार्ड, आणि लिफार्डचा बाप नॉर्दर्न डान्सर.